मी न मारलेला दगड

आमच्या वकिलाने मला फसवलं. समोरच्या बाजूच्याने नाही, आमच्याच वकिलाने. आणि फसवण्यासाठी त्याने माझ्या बापाचा हात वापरला.

प्रिन्सिपलच्या खोलीत माझ्याबरोबर पकडलेले चौघे खुर्च्यांवर बसले होते. माझा बाप टोपी काढून उभा. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमधून तसाच आलेला, नखांत निळा रंग. क्लार्क एक गुजराती कागद मोठ्याने वाचत होता. माझ्या मुलाने दगड मारून लायब्ररीच्या काचा फोडल्या, बाकीचे त्याला अडवत होते, मी त्याच्या वतीने माफी मागतो. खाली बापाची मोडकी सही.

मी दारात उभा होतो. वकील माझ्याकडे वळला. "तुझा बाप शहाणा आहे. कुठे वाकायचं ते त्याला कळतं."

चौघांतला एक हसला. दगड त्यानेच मारला होता.

परीक्षेच्या निकालातल्या घोळावरून आम्ही कॉलेजात मोर्चा काढला होता. घोषणा मी दिल्या, सगळ्यांत मोठ्या आवाजात. काचा फुटल्या तेव्हा पोलिसांनी हाताला लागले ते पाच उचलले. दगड मारणारा शेठचा मुलगा. त्याच शेठच्या मिलमध्ये माझा बाप रंगाच्या मशीनवर. शेठने पाचांना मिळून एकच वकील दिला. जामिनाच्या दिवशी वकिलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गभराईश नहीं, दीकरा. पांचेय साथे छूटशो. फक्त कुणाचं नाव घेऊ नकोस."

मी घेतलं नाही. कोट घातलेल्या माणसाने मला पहिल्यांदाच दीकरा, म्हणजे बेटा, म्हटलं होतं. तेवढ्यावर मी विकला गेलो. आज मी कापडाचा व्यापारी आहे. समोरचा गोड बोलायला लागला की मी आधी कापडाचा ताका उलगडून आतला डाग शोधतो. ही अक्कल तिथली.

आणि बाप? त्याला कुणी धमकावलं नव्हतं. मिलमध्ये कापडावर डाग पडला की मशीनवरच्या माणसाने माफी लिहून द्यायची. चूक कुणाची, हे कुणी विचारत नसे. रंग खराब आलेला असो, वाफ कमी पडलेली असो, माफी मशीनवरच्याची. दिली की काम टिकतं. बापाने अशा कितीतरी लिहून दिल्या होत्या. वकिलाने ते बरोबर हेरलं. मला न कळवता त्याला मिलच्या फाटकावर गाठलं आणि सांगितलं, माफी लिहून दे, पोरगा सुटेल.

"मी माफी मांगी लिधी, भाऊ," बाप त्या खोलीत मला हळूच म्हणाला. "आते तू सुटशी." मला तो भाऊच म्हणायचा.

त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तो चेहरा मला आजही सहन होत नाही.

वकिलाने पेन पुढे केलं. बापाच्या सहीखाली माझी हवी होती. केली तर कॉलेज तक्रार मागे घेणार, मला परीक्षेला बसू देणार. नाही केली तर बापाच्या कागदावर चौघे सुटणार आणि केस माझ्या एकट्यावर.

"हात जोड, भाऊ. हात जोडाले काय लागस?" बाप म्हणाला.

मी हात जोडले नाहीत. "मी दगड मारला नाही. न केलेल्याची माफी मी मागणार नाही." एवढंच बोललो. माझा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत आला. वकील शांतपणे म्हणाला, "मग आजपासून मी तुझा वकील नाही."

कॉलेजातून नाव काढलं. शेवटच्या वर्षाला होतो. दिवसा बाजारात गाठोडी उचलली, भाव करायला शिकलो आणि तारखांना एकटा उभा राहिलो. कॉलेजचा वॉचमन साक्षीला आला तेव्हा त्याची उलटतपासणी मीच केली. माणसाच्या तोंडून खरा आकडा कसा काढायचा, हे बाजाराने शिकवलं होतं. तो चिडेपर्यंत मी विचारत राहिलो. शेवटी म्हणाला, "ओरडताना पाहिलं. दगड मारताना नाही पाहिलं."

मी निर्दोष सुटलो. बाप ते ऐकायला नव्हता. तो आदल्या वर्षी गेला. शेवटच्या आजारपणात पाणी पाजायला गेलो तरी माझ्यापुढे हात जोडायचा.

"मनं चुकनं, भाऊ. माफ कर."

मी त्याचे हात सोडवायचो. ते पुन्हा जुळायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या डागांसाठी जोडलेले हात, शेवटी माझ्यापुढे. आणि तेव्हाही चूक त्याची नव्हती.

वकीलसाहेब, तुमचं ऑफिस अजून तिथेच आहे. मी बाहेरून जातो तेव्हा पाटी वाचतो. निर्दोष सुटल्याचा निकाल माझ्याकडे आहे, पण माझ्या बापाच्या सहीचा तो कागद कॉलेजच्या फायलीत तसाच आहे. तो खोटा आहे, हे तुम्ही लिहून द्यायचं. माझे पाचांतले चार अशील वाचवायला मी पाचव्याचा बाप वापरला, असं लिहायचं. माफी नको. माफीचे कागद आमच्या घराने पुरेसे दिलेत. मला जबाब हवा. त्याच खोलीत, मोठ्याने वाचून. आणि तो वाचताना तुम्ही उभे राहायचं.