पांदणीला सोळा, डांबराला तीस

जीपमध्ये हवेचा पंप कायमचा बसवून घ्यायचं मी ठरवलं ते आईच्या कंबरेमुळे. जीपवाल्या मित्रमंडळींना वेगळं, जरा मर्दानी कारण सांगते. इथे खरं लिहायला हरकत नाही.

आईचं माहेर रोहण्याजवळ. सुधाकरमामाचं घर शेतातच आहे. डांबर सोडलं की अडीच किलोमीटर पांदण, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांच्या धुऱ्यांमधून, बांधांमधून गेलेली बैलबंडीची वाट. पावसाळ्यात काळा चिखल, आणि हिवाळ्यात तोच चिखल वाळून चाकोऱ्या विटेसारख्या टणक होतात. चार वर्षांपूर्वी याच वाटेने गेलो आणि परत आल्यावर आई पंधरा दिवस अंथरुणात होती. तेव्हापासून मामाच भाऊबीजेला वर्ध्याला येतो. यंदा त्याने शेतातल्या मारोतीपुढे रोडग्यांचा स्वयंपाक ठेवला, आणि आई फोनवर "पाहू" म्हणाली. आई पाहू म्हणते तेव्हा तिला जायचं असतं.

उपाय मला ठाऊक होता. टायरमधली हवा निम्म्यावर आणली की चाकं लिबलिबीत होतात आणि धक्के स्वतःच गिळतात. पण तशा चाकांनी डांबरावर पळवणं धोक्याचं, आणि पांदणीच्या तोंडाशी हवा भरायचं दुकान नाही. म्हणून हवा सोबतच न्यायची!

पुलगावच्या गजूभाऊ मेकॅनिककडे गाडी दोन दिवस ठेवली. बॉनेटखाली छोटा कॉम्प्रेसर, मागच्या सीटखाली सहा लिटरची टाकी, डॅशबोर्डवर बटण आणि मागच्या बंपरला नळी जोडायचं तोंड. एवढ्या पैशांत एक बरा फोन आला असता. गाडी ताब्यात देताना गजूभाऊंनी बजावलं, "मॅडम, इंजिन चालू ठेवूनच वापरजा. नाई तं बॅटरी बसन, मंग मले फोन कराल." तुम्ही बसवणार असाल तर हे एक वाक्य लिहून ठेवा.

जानेवारीतल्या रविवारी सकाळी सातला वर्धा सोडलं. पुलगावात तर्री-पोहे, तीस रुपये प्लेट. आईने तर्री दोनदा मागितली तेव्हाच कळलं की स्वारी खुशीत आहे. पुढे आर्वी रस्त्याने बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ अधूनमधून सोबत करतात. कापसाची वेचणी चालली होती. साडेनऊला पांदणीच्या तोंडाशी थांबले आणि चारही चाकांतली हवा तीस पौंडांवरून सोळावर आणली. आई खाली उतरून बघत होती.

"एवढी हवा सोडली तं गाडी चालन काय?"

"बस तर खरी."

पंधराच्या वेगाने निघालो. मीच दर चाकोरीला श्वास रोखत होते. अर्ध्या वाटेवर आईने खिडकीवरची मूठ सोडली आणि बाहेरच्या तुरीकडे बघायला लागली. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की हॉर्न वाजवावासा वाटला.

मामा धुऱ्यावर उभाच होता. "बाप्पा! बाई, आली न तू!" एवढंच म्हणाला आणि उपरणं डोळ्यांना लावलं. मग मी पंपाचं प्रदर्शन मांडलं. मामाच्या रबरी चाकांच्या बंडीत हवा भरून दाखवली. मामाने बटण, नळी, सगळं बारकाईने पाहून घेतलं. हे पुढे महागात पडणार होतं.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तुपाची धार. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. चाल तशीच आहे, भाजी मात्र दुसऱ्या पंगतीला जास्त मुरलेली मिळते. आम्ही जेवत असताना जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मामा ट्रॅक्टर चालवतो, गाडी सावलीला लावत असेल म्हणून मी आणखी एक रोडगा घेतला.

निघायच्या वेळी बघते तर चारही चाकं दगड! मापून पाहिलं, चाळीस. मामा बाजूला हसत उभा.

"चारही चाकं बसले होते न बेटा! म्या टच्च भरून देल्ले. मागची स्टेपनीबी भरली. मायेरून बहिणीची गाडी बसल्या चाकानं धाडू काय?"

मी तोंड उघडलंच होतं. आईने माझा दंड जोरात दाबला. "बरं केलं न, सुधाकर," ती म्हणाली आणि ओटीतला तीळगूळ सांभाळत गाडीत चढली. मामा धुऱ्यावर उभा राहून हात हलवत होता.

पहिल्याच चाकोरीला तिच्या तोंडून "आई गं" निघालं. मी गाडी अगदी रांगत नेत होते आणि मनात मामावर चरफडत होते. स्वतःवर जास्त, कारण हवा का सोडली ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. बाभळीच्या वळणावर आईने विचारलं, "तो दिसते काय अजून?"

आरशात पाहिलं. "नाही."

"मंग थांबव. सोड हवा."

मी चारही चाकं पुन्हा सोळावर आणली. आई सीटवर डोळे मिटून बसली होती आणि गालातल्या गालात हसत होती. डांबराला लागल्यावर वीसेक मिनिटांत पंपाने सगळी तीसवर नेली. कॉम्प्रेसर तापतो, दोन चाकांनंतर जरा विश्रांती द्या. साडेपाचला आम्ही वर्ध्यात होतो.

दुसऱ्या दिवशी आई उठून नेहमीसारखी फुलं तोडायला गेली. कंबर ठीक! सहलीचा हिशोब माझ्यापुरता तिथेच मिटला होता. संध्याकाळी गाडी धुताना स्टेपनी मापली तर तीही चाळीस. कमी करायला मी झाकण काढलं, तेवढ्यात आई पायरीवर येऊन उभी राहिली.

"तिले हात नको लावू," ती म्हणाली. "ती सुधाकरनं भरली आहे."

मी झाकण परत लावलं.