सिग्नल पाहणारी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. लिहायला बसले की राग येतो, आणि मग मी रेल्वेबद्दलच लिहीत राहते — तेवढं मला जमतं. आजही तिथूनच सुरुवात होतेय.

आमचं गाव सालेकशाकडच्या लाइनीला लागून. गाव अलीकडे, स्टेशन आणि जंगल पलीकडे. मधल्या रुळावर मालगाडी आणून उभी करतात — कधी कोळशाची, कधी तांदळाची — आणि ती तास-दोन तास हलत नाही. फाटक लांब. पूल नाही. मग बाया मोहफुलांच्या टोपल्या पुढे सरकवत डब्याखालून रांगत जातात. गरोदर बाई जाते, दप्तर घेतलेली पोरं जातात. तुम्ही म्हणाल, वेडे आहेत का? पण जिला चूल पेटवायची असते तिने दोन तास त्या लोखंडी भिंतीकडे बघत बसायचं का?

म्हणून गावाने एक रीत पाडली आहे. एकाने फलाटाच्या टोकाला उभं राहून सिग्नलवर डोळा ठेवायचा. इंजिन इतकं पुढे असतं की भोंगा कुठल्या गाडीचा, ते खालच्या माणसाला कळत नाही. सिग्नल हिरवा झाला की वरच्याने ओरडायचं — "सुटली!"

त्या सकाळी मी उभी होते. परीक्षेच्या पेपरसाठी गोंदियाची गाडी पकडायची होती. मोठीमाय, म्हणजे माझ्या बापाच्या मोठ्या भावाची बायको, जंगलातून मोहफुलं वेचून घराकडे परतत होती. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. माझी फी भरायला बापाला तिनेच तयार केलं होतं. "सिंगल पाहजो वं पोरी," म्हणाली आणि डब्याखाली शिरली. मधेच टोपली कलंडली. ती तिथेच बसून खडीतली फुलं गोळा करू लागली. घाई कशाला करेल? वर मी होते ना.

तेवढ्यात वर्गातल्या दोघी फलाटावरून माझ्याजवळ आल्या. शेजारच्या गावात एका लग्नाला आल्या होत्या, परत निघाल्या होत्या. एकीने खाली बोट दाखवलं — "देख ना, कैसे घुसते हैं! पागल हैं क्या ये लोग?" दुसरी हसली.

मी पण हसले.

सिग्नल हिरवा झाला. मी पाहिला. "मोठीमाय, सुटली!" अशी हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं, ती बाई माझी कोण — आणि मी तोंड मिटून घेतलं. किती वेळ? गाडीला पहिला झटका बसेपर्यंत. तेवढा पुरला.

मोठीमाय वाचली. डाव्या पायाची बोटं गेली.

"ओरडली नाही का वं?" लोकांनी विचारलं. मी म्हणाले, "दोनदा ओरडली. तिले ऐकूच गेलं नाही."

कुणाला शंका आली नाही. आठवड्यात गावाने तिला बहिरी ठरवलं. बाया तिच्याशी ओरडून बोलायला लागल्या. गोंदियाच्या डॉक्टरने मशीन लावून कान तपासले, चांगले आहेत म्हणाला. तर मोठीमाय म्हणाली, "मशीनले का समजते? माही पोरगी खोटं बोलंल का?"

मग रेल्वेचे साहेब लोक आले. शाळेच्या आवारात खुर्च्या मांडल्या. एकाने सांगितलं, मालगाडी ट्रकपेक्षा कमी धूर करते, जंगलाला बरी, जिल्ह्याच्या विकासाला बरी. असेलही. दुसरा म्हणाला, गाडीखालून जाणं गुन्हा आहे, फलक लावला आहे. मी उठले. आमच्या अंगणात कोळशाची धूळ टाकून तुमचा विकास पुढे जातो, आणि आमच्या बाया त्याच्या पोटाखालून रांगतात, म्हणाले. पूल का नाही, म्हणून ओरडले — हो, तिथे ओरडले! आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मोठीमाय बसली होती. कानामागे हात धरून.

बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आजही खरा आहे, पूल आजही नाही, आणि त्या खुर्च्यांची मला आजही चीड येते. पण तो राग मी पांघरुणासारखा वापरला. रेल्वेने पूल दिला नाही. हाक मी दिली नाही. त्या हाकेला कुठल्या साहेबाची मंजुरी लागत होती?

मोठीमाय आता लंगडत का होईना, पुन्हा मोहफुलांना जाते. मालगाडी उभी असली की डब्याखालून जाण्याआधी माझी वाट बघते. बाकीच्या बाया चिडवतात, "काऊन वं, आमच्या डोळ्यांत का माती गेली?" तर म्हणते, "तसं नाही वं. इचा आवाज मोठा हाय. त्या दिवशी दोनदा ओरडली बिचारी, माहेच कान गेले होते."

हे ती माझ्यासमोर सांगते. मी एकदाही तिला थांबवलेलं नाही.