आईला रागवायला काहीतरी

पूर्णेच्या काकूंना शहाणी मुलं आवडत नसत. एखादं मूल धुतलेला गणवेश घालून, तेल लावून, हात जोडून पुढे आलं की त्या काळजीत पडत. "खोडी काय केलीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "काही नाही" असं उत्तर आलं की म्हणत, "मग आईपुढं काय घेऊन जाणार? रिकाम्या हातानं जाऊ न्हाई."

काकू म्हणजे पूर्णेच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या मालकीण. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि तोंडात कायम एखादा हुकूम. महिन्यातून एकदा त्या आमच्यासारखी मुलं गोळा करून दूरच्या शहरातल्या तुरुंगात आयांच्या भेटीला नेत. माझी आई तिथे होती. बांधावरून चुलत्यांशी झालेल्या मारामारीत एक माणूस दगावला, आईचं नाव त्यात आलं आणि तिला शिक्षा झाली. काकूंनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. म्हणत, "गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते इचारावं. कुठनं आलास ते इचारू न्हाई."

मी पिंगळीला आत्याकडे राहत होते. आत्याने गावात सांगून ठेवलं होतं की माझी आई पुण्याला कंपनीत आहे. खरं काय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण गाव सभ्य होतं. बायका आत्याला आईच्या कंपनीबद्दल इतक्या आपुलकीने विचारत की आत्याला दर दिवाळीला आईचा पगार वाढवावा लागे. मी दहावीत जाईपर्यंत आई सुपरवायझर झाली होती.

काकूंना हे सोंग जमत नसे. पूर्णेहून त्या ज्या पॅसेंजरने येत, तिच्यात मी पिंगळीला चढे. डब्यात कुणी ना कुणी विचारीच, एवढी लेकरं घेऊन कुठे निघालात? काकू खणखणीत आवाजात सांगत, "तुरुंगात." लगेच समोरचं बाक रिकामं होई. "बसा रे," काकू आम्हाला म्हणत, "लोक लय चांगले हायत. लेकरांना जागा देतात."

खोड्यांमागे त्यांचा हिशेब होता. आत गेलेल्या बाईकडून सगळं काढून घेतात, घर, मंगळसूत्र, नाव. लेकराला रागवायचा हक्क तेवढा तिच्यापाशी राहू द्यावा. "पोरगं लय शहाण्यासारखं वागायलंय म्हणून सांगितलं की ती बाई रात्रभर रडती," त्या म्हणत. "तिला वाटतं, माझ्यावाचून चाललंय की." म्हणून प्रत्येकाने आपापली खोडी घेऊन यायची. मात्र ती खरी हवी. खोटं त्यांना बिलकूल खपत नसे.

एकदा एका महिला मंडळाने तुरुंगात मातृपूजन ठेवलं. मुलांनी आयांचे पाय धुवायचे, आयांनी रडायचं आणि फोटोग्राफरने फोटो काढायचे, असा आटोपशीर कार्यक्रम होता. पण काकूंनी मुलांना नेहमीसारखं तयार करून आणलं होतं. पाय धुता धुता एका मुलाने आईला सांगितलं की त्याने मास्तरांच्या गाडीची हवा सोडली. आई ओल्या पायांनी उठली आणि तिने त्याचा कान धरला. मग साथ पसरावी तसे ओळीने कान धरले गेले. अध्यक्षीणबाई हळहळल्या, "यांच्यावर संस्कारच नाहीत हो." काकू म्हणाल्या, "ते काय, तुमच्यापुढंच करायल्यात की."

तरी मंडळाने काकूंचा सत्कार केलाच. त्या शालीची काकूंनी तुरुंगात आपापल्या आईजवळ राहणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी दुपटी शिवली. पुढे सत्कार वाढले, तसं त्या आधीच विचारून घेऊ लागल्या, शाल सुती आहे ना? लोकरीची लेकरांना टोचते.

माझी पंचाईत अशी की मी खरोखरच शहाणी होते. शाळा माझी एकही दिवस चुकली नव्हती. खोडी म्हणून मी फार तर शाईचा डाग दाखवी. अशात आत्याने आईला निरोप धाडला की पोरगी हुशार आहे, पुढे लग्नाचं बघावं लागेल, तू भेटत राहिलीस तर तिच्या नावाला डाग लागेल. आईला ते पटलं. पुढच्या भेटीला ती जाळीपाशी आलीच नाही. त्याच्या पुढच्या भेटीलाही नाही. आतली शिपाईबाई येऊन सांगे, "ती नाही म्हणते." बाकीची मुलं जाळीपलीकडून बोलणी खात आणि मी भिंतीला टेकून ती ऐकत असे. कुणाच्या आईने कुणाला गाढव म्हटलं की मला हेवा वाटे.

परतीच्या गाडीत काकूंनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "शाळा बुडव."

मी म्हटलं, नुसतं बुडवली म्हणून सांगू या ना.

"खोटं सांगू मी? आदी बुडव, मग सांगते."

मी बुडवली. दप्तर घेऊन दिवसभर पिंगळी स्टेशनच्या बाकावर बसले. काय करायचं ते कळेना, म्हणून गणिताचा एक धडा संपवला. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "बुडवायला सांगितलं तर तितंबी अभ्यास. तुझं कसं व्हायचं, माय."

पुढच्या खेपेला त्यांनी शिपाईबाईकडे निरोप दिला, "तिला म्हणावं, पोरगी शाळा बुडवून स्टेशनावर बसायलीय."

आई आली. चालत नाही, जवळजवळ पळत आली. पदर कुठे, लक्ष नाही. जाळीला दोन्ही हात लावून म्हणाली, "कुणाला इचारून बुडवलीस?" आणि मग भेटीचा सगळा वेळ ती मला बोलत राहिली. शाळेवरून केसांवर आली, केसांवरून नखांवर. मी रडत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. वेळ संपल्याचं सांगितल्यावर जाता जाता आई ओरडली, "पुढच्या बारीला परगतीपुस्तक घेऊन ये. मला तुझा भरोसा न्हाई."

त्यानंतर सुटेपर्यंत तिने एकही भेट चुकवली नाही. भरोसा नव्हता ना.

त्या दिवशी परत येताना मी काकूंना विचारलं, तुम्हाला कोण रागावतं? त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "आता कोण ऱ्हायलंय? पोरं भेतात, सुना नमस्कार करतात."

आई सुटली. आम्ही परभणीत खोली घेतली, आई एका मेसमध्ये पोळ्या करू लागली. काकू मात्र परक्या झाल्या. माल घ्यायला परभणीला येत, पण बाजारात समोर आल्या तरी सरळ निघून जात. मी एकदा गाठून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "गाडीतल्या लोकांना तुमचं नाव ठावं नव्हतं. हितं समद्यांना हाय. मी कुणाची लेकरं कुठं नेते ते समद्यांना ठावं, माझी वळख म्हणजे गावभर दवंडी. तुमी सुखानं ऱ्हावा."

मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली. निकालाच्या दिवशी आई म्हणाली, आधी पूर्णेला. काकूंच्या दुकानात लग्नसराईची गर्दी होती. काकूंनी आम्हाला पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काय दाखवू, ताई?"

आईने पेढ्यांचा पुडा गल्ल्यावर ठेवला. "काकू, माझ्या लेकराला तुरुंगाच्या दारात आणताना तुमाला लाज वाटली न्हाई. आता पेढा घ्यायला वाटायलीय का?"

परातीवर टिचकी मारून बघणाऱ्या एका बाईचा हात तसाच वर राहिला. काकूंनी एकदा सगळ्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग आईकडे. जरा कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "ती शाळा बुडवली हुती ना, ती मी बुडवायला लावली हुती."

आईला हे ठाऊक नव्हतं. तिने पदर खोचला. लेकराला असलं शिकवतात का, एवढ्या जाणत्या बाईला कळू नये का, स्टेशनावर पोरीला काही झालं असतं म्हणजे, असं ती बोलत सुटली, भर दुकानात, सुनांच्या देखत. एक सून मध्ये पडायला लागली तर काकूंनी तिला हातानेच थांबवलं.

काकू आता नाहीत. शोकसभेत त्यांच्या सगळ्या शालींचा उल्लेख झाला. मला काकू आठवतात त्या दिवशीच्या: मान खाली, तोंडात पेढा, आणि आई जरा थांबली की "अजून?" म्हणून हळूच वर बघणाऱ्या.