हाळी ओळखणारं जुन्नर

वाडीहून एसटी सुटली तेव्हा आबांनी मागं वळून पाहिलं नाही. मांडीवर वरईची पिशवी घट्ट धरून बसले होते. आई गेल्यावर नाणेघाटाच्या अंगाच्या त्या घरात ते एकटेच उरले, आणि दमा वाढत चालला. "आठ दिस बघीन. न्हाई करमलं तर माघारी," या अटीवर माझे वडील जुन्नरला यायला तयार झाले. तिथं आणखी एक पावसाळा एकट्यानं काढला तर ते हाती लागणार नाहीत, हे मला दिसत होतं.

वाडीकरांनो, तुम्ही पोटासाठी चाकणला गेलात, भोसरीला गेलात. माझ्या वाट्याला जवळचं जुन्नर आलं म्हणून हसलात. पण लग्न होऊन आले तेव्हा या गावानं माझी छाती दडपली होती. आपल्याकडं दोन घरांच्या मधे अख्खं भातखाचर. इथं भिंतीला भिंत. पेठेतून बोळ, बोळातून मोहल्ला, मोहल्ल्यातून तांबट आळी. एकाच्या फोडणीचा दुसऱ्याला ठसका. एवढ्या दाटीत कोण कुणाला ओळखत असेल, असं वाटायचं. मीही इतकी वर्षं आमच्या बोळापुरतीच राहिले.

"डोंगार दिसतोय तवर मानूस चुकत न्हाई," हे आबांचं जुनं पालुपद. इथं त्यांनी खुणेला शिवनेरी धरला. एका संध्याकाळी ते फिरायला गेले. फोन घरी, चार्जिंगला. बोळात शिरल्यावर तिमजली इमारतींच्या आड गड दिसेनासा झाला आणि जन्मात न चुकलेला माणूस चुकला.

दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. नवरा ड्यूटीवर. बोळ पालथे घालून आले. शेवटी गच्चीवर गेले आणि लाजलज्जा सोडून रानात देतो तशी हाळी दिली, "आबाऽऽऽ!"

शेजारच्या गच्चीवर जमीलाचाची दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. "काय झालं गं, सुमन?" मी सांगितलं. त्यांनी ओढणी सावरली आणि मोहल्ल्याकडं तोंड करून हाक टाकली, "सुमनचं वडील हरवल्यात! पांढरी टोपी! कुनी बगितलं का?" पलीकडच्या गच्चीनं ती उचलली. तिथून तांबट आळीनं. मी कठडा धरून उभी. कधी न पाहिलेली माणसं माझ्या आबांना हाका मारत होती, आणि त्या हाका छपरांवरून लांब लांब जात होत्या. अंगावर काटा आला. हे गाव असं एकमेकांत ओवलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सगळं शांत झालं. आणि कुठून तरी लांबून, धापा टाकत, आपल्या डोंगराची हाळी आली, "ओऽऽऽ!" मी तिथंच बसून रडले.

तांबट आळीतल्या एक बाई आबांना चहा पाजून दारात सोडून गेल्या. आबा चपला काढता काढता म्हणाले, "सुमे, ह्या गावाला हाळी कळती की गं!" आठ दिवस कधीच सरले. माघारीचा विषय त्यांनी काढला नाही.

परवा भातं निघाल्यावर घर झाडायला वाडीवर गेलो होतो. तुमच्या दारांना कुलपं. आबांनी अंगणात उभं राहून समोरच्या वस्तीकडं हाळी दिली. नुसता डोंगर बोलला. ते बराच वेळ कान देऊन उभे राहिले.

मग त्यांनी टोपी झटकली.

"चल सुमे, घरी जाऊ. चाची वाट बघत आसंल."