चिमूटमावशी

क्रीमच्या कारखान्यात तिला सगळे चिमूटमावशी म्हणत. तिथे मोजक्या पिंपांतून एक दुर्मीळ साखर यायची. चहात घालायची नव्हे. ही क्रीममध्ये मिसळायची आणि बायकांच्या गालांवर ओलावा धरून ठेवायची. पण पिंपातच हवेतला ओलावा प्यायली, तर तिचे खडे होत आणि अख्खी टाकी वाया जाई. म्हणून पिंप उघडलं की मावशी स्पिरिटनं बोटं पुसायची, चिमूटभर साखर चोळायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "कोरडी." नाहीतर, "परत पाठवा." एकोणीस वर्षांत ती चुकली नव्हती. स्पिरिटनं तिची बोटं करपून भेगाळली होती. त्या खरखरीतपणातच तिची सारी विद्या होती.

मग ओलावा मोजायचं यंत्र आलं. साहेब म्हणाले, "सोमवारी तुमची न् त्याची परीक्षा. हरलात, तर टाक्या धुवायला."

घरी लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. तिनं आईचे हात ओढून घेतले. "फोटोत हे हात दिसायचे? सासरचे विचारतील, आई विटा भाजते का?" आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं क्रीम चोळलं, आईच्याच कारखान्यातलं. मावशी भरून पावली. लेकीनं हात हातात घेऊन किती वर्षं झाली होती!

सोमवारी पहिलं पिंप उघडलं. साखर बोटांना चिकटली. "ओली." दुसरी, "ओली." तिसरीही. यंत्र तिन्ही वेळा कोरडी म्हणालं. साहेबांनी मूठभर साखर उधळली. ती धुळीसारखी उडाली. मावशीनं आपल्या मऊ बोटांकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"साहेब, पोरीनं क्रीम लावलं होतं हो!"

"मग आता राणीसाहेबांना आरसाही आणू का?" सगळे पोट धरून हसले.

टाक्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं महिनाभरात हात पुन्हा फुटले. लग्नात तिनं ते पदराखाली धरले. एके दिवशी टाकीकडे जाताना वाटेत पिंप उघडं दिसलं. तिनं चिमूट घेतली, डोळे मिटले.

"साहेब, ओली आहे ही."

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं. "सकाळी यानं कोरडी म्हटलंय. आज कुठलं क्रीम, मावशी?"

मावशीनं झाकण नीट बसवलं आणि ती टाकीत उतरली. दुसऱ्या दिवशी त्याच साखरेचे खडे टाकीच्या तळातून खरवडायला तिलाच बसवलं.