बंधाऱ्यामागची त्रेसष्ट पाखरं

वडगाव रासाईच्या विनोद खरातला कुणी "अंदाजे किती?" असं विचारलं की त्याचं डोकं फिरतं. अंदाज ज्योतिषानं सांगावा, असं त्याचं म्हणणं. कुरकुंभच्या एका रसायनाच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं ऑपरेटर आहे. तासातासाला मीटर बघायचे आणि आकडे तक्त्यात भरायचे, हे त्याचं काम. ही खोड त्यानं घरी आणली आणि तिथून नदीवर नेली. भीमेच्या बंधाऱ्यामागं जे पाणी साठतं, तिथं हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. राखी रंगाचं, बदकाहून थोराड पाखरू, पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतं आणि उन्हं तापायला लागली की ओलांडून परत जातं. गाव त्यांना सरसकट बदकंच म्हणायचं. नऊ वर्षांपूर्वी विनोदनं एका सकाळी ती मोजली, आणि नाद लागला तो लागलाच.

दौंडच्या शाळेतल्या अनुपमा मॅडम पाखरांच्या नोंदी जमवतात. कोणता थवा कुठून कधी निघाला, हे गावोगावची माणसं त्यांना मोबाइलवर कळवतात. दुसऱ्या कुणाचा आकडा आला की मॅडम फोटो मागतात, विनोदचा आला की तसाच लिहून घेतात. विनोदला हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर या मानामुळं त्याची कॉलर जरा ताठच असायची. रुखरुख एकाच गोष्टीची होती. नऊ वर्षांत थवा निघताना त्यानं एकदाही पाहिला नव्हता. दरवर्षी मार्चात एक दिवस जावं, तर वाळू मोकळी.

यंदा होळीच्या सुमाराला अकरा दिवस आकडा हलला नाही. त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट. मग गुरुवारपासून पहिली पाळी लागली. सातला गेटवर हजर व्हायचं तर साडेपाचला गाडीला किक मारावी लागते, नदीवर जाणार कधी? आता कारखान्यात एक जुनी रीत आहे. लाइन सुरळीत चालली, काटा जागचा हलत नसला, की मुरलेले ऑपरेटर चहाला जाण्याआधीच पुढच्या दोन तासांचे आकडे भरून टाकतात. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप शिकतो. विनोदच्या हातानं तेच केलं. बुधवारी संध्याकाळीच त्यानं गुरुवारची नोंद मोबाइलवर लिहून ठेवली: सकाळी आठ, त्रेसष्ट. गुरुवारी आठच्या चहाला कँटीनमध्ये बसून ती पाठवून दिली.

पाळी सुटल्यावर मॅडमचा फोन आला. "सगळीकडचे थवे गेले, विनोदराव. तुमचाच राहिलाय. रविवारी पुण्याचे पाहुणे आणते बघायला. नक्की ना?"

"या की बिनधास्त," विनोद म्हणाला. "माझा आकडा म्हंजी काळ्या दगडावरची रेघ."

घरी आल्यावर त्यानं हे मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं. ताईबाई शेळ्यांपुढं घास टाकत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"कुठली पाखरं? ती गेली की सकाळीच."

"कवा?"

"दिस कासराभर वर आला व्हता. मी काठाला घास कापत व्हते. आधी समदी ओरडाय लागली, मग उठली. गावावरनं एक फेरा मारला आन् गेली शिरूरच्या अंगाला."

ज्यासाठी विनोदनं नऊ वर्षं डोळे लावले, ते आईनं हातात विळा धरून सहज बघितलं होतं. आणि इकडं हा चहा पीत तीच पाखरं वाळूवर बसवत होता. त्याला फार लाज वाटली. कुणाला कळणार नव्हतं, हेही खरं. शुक्रवारी शून्य लिहिलं की प्रकरण मिटलं. पण यापुढं मॅडमनी फोटो न मागता आकडा लिहून घेतला, की दर वेळी त्याला हेच आठवलं असतं. त्यानं फोन लावला.

"मॅडम, आजचा आकडा खोडा. म्या बघितला न्हाई. कालच लिहून ठेवला व्हता. थवा सकाळीच गेला."

मॅडम म्हणाल्या, "आता तुमच्याकडूनही फोटो घ्यावा लागेल."

"मागा. मागायलाच पायजे. आन् थवा जाताना माझ्या आईनं बघितलाय. तिचं नाव लिवा, ताईबाई खरात."

"किती होते?"

त्रेसष्ट अगदी ओठावर आलं होतं. विनोदनं ते गिळलं आणि आईकडं वळून विचारलं.

"एकसष्ट," ताईबाई म्हणाली.

"मोजलीस?"

"उसाच्या मोळ्या मोजण्यात जन्म गेला माझा. पाखरं मोजाया काय साळा लागती? दोन मागं राहिली. दुपारी पाण्यावर गेले, तवा वाळूवरच बसली व्हती."

विनोदनं आकडा जसाच्या तसा फोनवर सांगितला. मॅडमनी लिहून घेतला आणि विचारलं, "मग उद्याचे दोन धरू?"

उद्याची पाळी बदलून घ्यायचं विनोदनं तेवढ्यात पक्कं केलं होतं.

"उद्याचं उद्या," तो म्हणाला. "बघून सांगतो."