बंबखान्याचा उंबरा

चांद्याच्या बंबखान्याचे जमादार एक वेळ आगीवर विश्वास ठेवतील, पण माणसावर नाही. आत येणाऱ्याला आधी तळहात पुढे करायला लावून ते बिडीचा वास घेत, मग त्याची आगपेटी काढून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवत. एकदा वाट वाकडी करून भेटायला आलेल्या भटजींचीही त्यांनी काढून घेतली. "अहो, वास्तुशांतीचा होम आहे माझ्याकडे!" भटजी कळवळले. "म्हनूनच त घेऊन राह्यलो, महाराज."

बंबखाना बैलांनी ओढायच्या बंबाच्या काळातला. काळ्या दगडाची बुटकी कमान, वर सागाच्या तुळया, मागे ओले पाइप वाळत घालायचा मनोरा. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून सुटीला आले होते आणि एका जुन्या इमारतीचं वर्णन लिहून न्यायचं होतं. विचारायची लाज, म्हणून जमादार दुपारी डुलकी घेताना आईची शिवणाची टेप काठीला बांधून मी गुपचूप कमान मोजली. उंबऱ्याच्या दगडाचा एक कोपरा फुटला होता, तिथून त्याची जाडीही घेतली.

"काऊन मोजून राह्यली, बाई? ओव्हरसियरनं धाडलं का तुले?" डोळे मिटलेलेच होते. मी वही छातीशी धरून पळाले.

नवा मोटारबंब येणार आणि त्यासाठी कमान पाडणार, हा त्यांचा संशय. मोजायला आलेल्या नगरपालिकेच्या ओव्हरसियरला त्यांनी दोनदा पिटाळलं, तिसऱ्यांदा पाइप सोडून भिजवलं. त्यानं वैतागून उंची अंदाजानं कळवली. बंब आला तो कमानीला चार बोटं अडला, आणि सकाळी कमान फोडायचं ठरलं.

संध्याकाळी जमादार आमच्या दारात. "उंबरा वीतभर जाड हाये, खाली नुसती माती. तो काढला त बंब आत जाते. पन माह्या बोलन्यावर ओव्हरसियर भरोसा ठेवत नाई. तुह्या वहीवर तो ठेवीन."

अनोळखी माणसासमोर माझा आवाज फुटत नसे. तरी ओव्हरसियरच्या ओसरीवर उभी राहून मी ते आकडे वाचले, दोनदा. सकाळी उंबरा निघाला, बंब आत गेला, कमान राहिली. तेव्हापासून पावसाळ्यात गावात सगळ्यांत आधी पाणी शिरतं ते बंबखान्यात.

जमादार आता निवृत्त होऊन सावली तालुक्यातल्या आपल्या गावी असतात. परवा मी कमानीखाली थांबले आणि नकळत तळहात पुढे केले. आत नवा माणूस बिडी ओढत बसला होता. "या ना बाई, या आत," तो हसून म्हणाला.

कोण, कुठली, काही विचारलं नाही. मला त्या माणसाचा फार संशय आला.